पान ११२ वरचा पूर्णविराम

प्रति,
संपादक मंडळ,
मराठवाडा मुक्तिसंग्राम स्मृतिग्रंथ

सन्माननीय सदस्यहो,
सप्रेम नमस्कार.

ग्रंथाचं पान ११२ उघडा. तिथे कोष्टी गल्लीतल्या आजींची आठवण छापली आहे. तिचं शेवटचं वाक्य असं आहे: ‘मग पोलीस ॲक्शन झाली आणि आम्ही गावी परत आलो.’ (पोलीस ॲक्शन म्हणजे सप्टेंबर १९४८ मधली निजामाच्या हैदराबाद संस्थानावरची कारवाई; मराठवाडा तेव्हा त्या संस्थानात होता.) पुढे पूर्णविराम. त्याखाली मशालीचं एक लहानसं चित्र आणि लगेच दुसऱ्या माणसाची आठवण सुरू.

आजी तिथे थांबल्या नव्हत्या. त्यांच्या ओसरीवर बसून मी ते बोलणं ऐकलं आहे आणि ते माझ्या मोबाइलमध्ये आहे. त्यांचं वाक्य असं होतं: ‘आमी माघारी आलो, तर पिंजाऱ्याच्या घराला कडीबी न्हवती आन् कवाडबी न्हवतं. चुलीवर तवा तसाच. मी हाक मारली. दोनदा मारली. मग सासूनं माझं तोंड दाबलं.’ त्यानंतर त्या आणखी १४ मिनिटं बोलल्या. त्यातला एक शब्दही ग्रंथात नाही.

ग्रंथाची दुसरी आवृत्ती येत्या १७ सप्टेंबरला काढायची आणि मजकुरात काहीही बदल करायचा नाही, हा तुमचा निर्णय मला गेल्या आठवड्यात दोन ओळींच्या पत्राने कळला. त्याआधी मी तीन पत्रं लिहिली होती. एकालाही मुद्द्याला धरून उत्तर आलं नाही. म्हणून हे चौथं पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. मंडळाचं पूर्ण नाव आणि सदस्यांची नावं मुद्दाम गाळली आहेत. मला कुणाची अब्रू घ्यायची नाही. तुमच्यातल्या दोघांनी तर पूर्वी माझ्या शाळेत येऊन मुलांना मुक्तिसंग्रामाच्या गोष्टी सांगितल्या आहेत आणि त्या मुलांना अजून आठवतात.

माझा या ग्रंथाशी संबंध काय, तो आधी सांगते. २०१९ ते २०२२ या काळात मी तुमच्या सांगण्यावरून धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांतली गावं पालथी घातली. ३१ म्हाताऱ्या माणसांशी बोलले. सात वह्या भरल्या. टाळेबंदीत जाता येईना तेव्हा नातवांच्या फोनवरून बोलले. आजींकडे मी चार वेळा गेले. २०२१ मध्ये त्या वारल्या. ३१ पैकी आज नऊ जण हयात आहेत. म्हणजे छापलेलं चुकलं तर ‘असं नव्हे, तसं’ म्हणणारं माणूस उरत नाही. माझी घाई आहे ती एवढ्यासाठी.

आता आजींनी सांगितलेला पहिला भाग. तो तुम्ही छापलात, पण त्यालाही हात लावलात.

१९४८ च्या आषाढात तालुक्याच्या ठाण्यावरून रझाकार, म्हणजे निजामाचं राज्य टिकवण्यासाठी उभे राहिलेले सशस्त्र लोक, त्यांच्या गावात आले. कणगीतली ज्वारी रस्त्यावर ओतून तिला काडी लावली. आजींच्या सासऱ्यांना पाराजवळ गोळी घातली. पाच-सहा दिवसांनी पुन्हा येणार अशी आवई होती. एका रात्री शेजारच्या पिंजाऱ्याची, म्हणजे कापूस पिंजणाऱ्या मुसलमानाची, बायको मागच्या दाराने आली आणि म्हणाली, आज रात्रीच निघा, उद्याला थांबू नका. तिचा दीर ठाण्यावर चाकरीला होता, त्यामुळे तिला कळलं होतं. रात्रीतून ही माणसं बार्शीकडे निघाली. बार्शी इंग्रजांच्या मुलखातली, म्हणजे तेव्हा स्वतंत्र भारतातली. वाटेत करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका चुकवायचा होता. तान्ह्या लेकराने रडू नये म्हणून त्याला अफूचं बोट चाटवलं. कनवटीला होते ते निजामाचे हाली रुपये. बार्शीत इंग्रजी कलदार चाले, त्यामुळे बट्टा देऊन ते मोडावे लागले. किती बट्टा गेला तेही आजींना ७१ वर्षांनंतर आठवत होतं.

ग्रंथात पिंजाऱ्याची बायको नाही. तिच्या जागी ‘एका शेजारणीने वेळीच सावध केले’ असं वाक्य आहे. जिने चार माणसांचा जीव वाचवला, तिची जात, धंदा, तिचा मागच्या दाराने येण्याचा धोका, सगळं त्या ‘एका शेजारणीने’मध्ये बुडालं. आणि परत आल्यावर जिच्या घराला कवाड नव्हतं, ती हीच बाई.

एकाच बाईच्या तोंडची ही एकच हकीकत. तिचे दोन तुकडे करून एक ठेवायचा आणि एक टाकायचा हा अधिकार मी तुम्हाला दिला नव्हता. आजींनी तर नाहीच नाही.

तुमच्या पत्रात कारण दिलं आहे: ‘ग्रंथाची कालमर्यादा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत असल्याने.’ ही मर्यादा मला तीन वर्षांत एकदाही सांगितली गेली नाही. शिवाय ती तुम्हीच पाळलेली नाही. लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या सुटकेनंतरच्या सभा ग्रंथात आहेत, १९५६ ची राज्यपुनर्रचना आहे, स्वातंत्र्यसैनिकांना मिळालेले १९७२ चे ताम्रपट आहेत, अमृतमहोत्सवाचे फोटो आहेत. कालमर्यादा आली ती फक्त सप्टेंबरच्या उरलेल्या तेरा दिवसांना आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांना.

त्या महिन्यांत काय झालं हे गुपित राहिलेलं नाही. भारतीय लष्कर १३ सप्टेंबरला संस्थानात शिरलं आणि १७ ला निजामाने शरणागती दिली. लष्करी मोहिमेलाच आपण सगळे आजही ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतो. तोही शब्द सरकारने दिला आणि आपण घेतला. त्यानंतर मुसलमानांच्या कत्तली झाल्याच्या बातम्या दिल्लीला पोचल्या, तेव्हा पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवलं. सुंदरलाल म्हणजे ज्यांच्या इंग्रजी राजवटीवरच्या हिंदी ग्रंथावर इंग्रजांनी बंदी घातली होती ते, गांधीजींचे अनुयायी. त्यांना निजामाचे किंवा रझाकारांचे हस्तक कुणी म्हणणार नाही. नोव्हेंबरच्या अखेरीपासून २१ डिसेंबरपर्यंत ही मंडळी हैदराबाद संस्थानच्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरली. जी गावं पाहता आली नाहीत अशा १०९ गावांतल्या पाचशेहून जास्त माणसांशी बोलली. त्यांचा अंदाज असा की पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. सर्वांत जास्त झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि नांदेड आहेत. बाकीचे दोन बिदर आणि गुलबर्गा. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. तिथे वीस दिवसांहून जास्त काळ माणसं मारली जात होती, सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी आम्हाला जेमतेम तीन हजार दिसले, असं त्यांनी लिहिलं आहे.

ते लिहितात कसं, हे मला तुम्हाला दाखवायचं आहे. प्रेतांनी भरलेल्या विहिरींबद्दल सांगताना ते एका विहिरीपाशी थांबतात आणि मोजतात. अकरा प्रेतं. त्यात एक बाई, तिच्या छातीला चिकटलेलं मूल. असंख्य, अगणित असे शब्द त्यांना सुचले नसतील का? पण त्यांनी मोजलं आणि मोजलं तेवढंच लिहिलं. त्याच अहवालात रझाकारांनी गावोगाव केलेली खंडणीवसुली, लूट, जाळपोळ, खून आणि बलात्कार यांचीही नोंद आहे. ज्या हिंदूंनी जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवलं त्यांचीही आहे. लष्कराची वागणूक एकंदरीत शिस्तीची होती असंही त्यात आहे आणि जिथे गणवेशातली माणसं लुटीत, हत्येत सामील झाली तिथे तसंही लिहिलं आहे. सरकारने तो अहवाल प्रसिद्ध केला नाही. त्याचे तुकडे अधूनमधून बाहेर येत राहिले. पूर्ण अहवाल दिल्लीच्या नेहरू स्मृती ग्रंथालयात (आताचं प्रधानमंत्री संग्रहालय आणि ग्रंथालय) पाहता येतो, हे सर्वसामान्य वाचकाला कळेपर्यंत २०१३ साल उजाडलं. आज तो मिळतो. तरी तुमच्या ४६४ पानी ग्रंथात त्याचं नाव कुठेही नाही.

तुमच्यापैकी एकजण फोनवर म्हणाले, ‘बाई, हे छापलं तर रझाकारांना सूट दिल्यासारखं होईल.’ त्यांचं म्हणणं मी नीट ऐकलं, कारण ते मनापासून बोलत होते. त्यांच्या चुलत्यांना रझाकारांनी मारलं आहे. पण मला हे पटत नाही. आजींच्या सासऱ्यांना पाराजवळ गोळी घातली, हे पिंजाऱ्याच्या घराचं कवाड गेलं म्हणून खोटं ठरत नाही. उलट मी शाळेत शिकवलं आहे म्हणून सांगते, मुलांना एक अर्ध सत्य सांगितलं आणि पुढे त्यांना दुसरं अर्ध बाहेरून कळलं की ती पहिल्यावरही विश्वास ठेवत नाहीत. आज फोनवर दोन मिनिटांत सुंदरलाल अहवाल सापडतो. तो वाचलेला मुलगा तुमचा ग्रंथ उघडेल, त्यात तो विषयच नाही हे बघेल, आणि मग गोरट्याचं प्रकरण वाचून त्यालाही संशय येईल. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातल्या गोरट्यात रझाकारांच्या हातून शेकड्यांनी माणसं मारली गेली. त्यांच्यावर असा संशय यावा, हे तुम्हाला चालेल?

दुसऱ्या बाजूचंही मी वाचलं आहे. पोलीस ॲक्शननंतरच्या कत्तलींवर लिहिणारे काही जण रझाकारांना दोन ओळींत उरकतात. जणू वर्षभर गावं जळत होती ती आपोआप. तेही मला तितकंच खटकतं आणि त्यांनाही मी हेच लिहीन. पण ते मला आठवणी गोळा करायला बोलवायला आले नव्हते. तुम्ही आला होतात.

गाळलेल्या आठवणी फक्त आजींच्या नाहीत. माझ्या ३१ पैकी १९ जणांच्या बोलण्यात १७ सप्टेंबरनंतरचं काही ना काही होतं. त्या १९ ही आठवणी ग्रंथात आहेत आणि १९ ही जणांच्या बोलण्यातला तो भाग नाही. एका महारवाड्यातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं होतं की त्यांच्या वडिलांनी निजामाच्या अमलात गायरान कसलं म्हणून त्यांना रझाकारांचा माणूस ठरवून घर जाळलं. जाळणारे गावचेच होते. ग्रंथात त्यांची आठवण अर्ध्या पानाची आहे आणि ती विहिरीवरच्या पाणवठ्याबद्दल आहे. घर गेलं ते त्यात नाही. मी त्यांच्या मुलाला ग्रंथाची प्रत नेऊन दिली. त्याने ते अर्धं पान वाचलं, प्रत मिटली आणि मला चहा विचारला. त्या चहाचा घोट माझ्या घशाखाली उतरला नाही.

कापाकापी एवढ्यावर थांबलेली नाही.

आमच्या माणसांनी विशेषणं वापरली नव्हती, ती तुम्ही घातलीत. पाराजवळची गोळी कुणी घातली ते आजींना माहीत होतं. ‘शिपायाचा थोरला, डावखुरा होता’ असं त्या म्हणाल्या. छापील पानावर तो ‘रक्तपिपासू नराधम’ झाला आहे. डावखुरा शिपायाचा मुलगा हा माणूस होता, गावातला होता, त्याने कोणत्या हाताने बंदूक धरली ते एका सुनेने पाहिलं होतं. ही साक्ष आहे. नराधम म्हटल्यावर पाहणारीही गेली आणि पाहिलेलंही गेलं.

पान २०३ वर बैलगाड्यांच्या तांड्याचं छायाचित्र आहे आणि खाली लिहिलं आहे, ‘रझाकारांच्या छळामुळे स्थलांतर करणारी मराठवाड्यातील कुटुंबे’. त्यातल्या माणसांचे फेटे, बायकांच्या सलवारी, गाडीची बांधणी बघा. हे १९४७ चं पंजाबातलं चित्र आहे. पंजाबच्या लोकांचं दुःख उसनं आणून आपल्या पानावर लावण्याची गरज नव्हती. आपल्याकडे छायाचित्र नसेल तर पान कोरं ठेवा आणि लिहा की त्या रात्री बार्शीच्या वाटेवर कॅमेरा नव्हता.

आता जी गोष्ट मला सर्वांत जास्त बोचली ती. पान १५१ वर एका गावातल्या बाईवर झालेल्या अत्याचाराचं वर्णन आहे. गावाचं नाव आहे, गल्ली आहे, घराण्याचा उल्लेख आहे, प्रसंगाचा सगळा तपशील आहे. ही आठवण माझ्या वह्यांतली नाही, दुसऱ्या कुणी तरी आणलेली आहे. त्या बाईंच्या लेकीसुना, नातवंडं त्याच गावात राहतात. त्यांना कुणी विचारलं होतं का? मी जाऊन विचारलं. त्यांना ग्रंथ निघाला हेच माहीत नव्हतं. गावातल्या पोरांनी मात्र ते पान फोनवर एकमेकांना पाठवलं होतं. माझ्याकडेही अशा दोन हकिकती आहेत, एक सप्टेंबरच्या आधीची आणि एक नंतरची. दोन्ही बायकांनी सांगितलं, ‘लिहून ठेव, पण आमचं नाव-गाव लावू नको.’ मी ठेवलं आहे. नाव-गाव माझ्याबरोबर जाईल.

आकड्यांबद्दल फार लिहीत नाही. प्रस्तावनेत ‘लाखो’ आहे, पान ४० वर ‘हजारो’ आणि पान ३१२ वर ‘शेकडो’. एकाही आकड्याखाली तो कुठून घेतला हे लिहिलेलं नाही. बोस्नियातलं युद्ध संपल्यावर तिथे दोन लाख, अडीच लाख माणसं मेली असं जगभर छापलं जात होतं. मग सारायेव्होमधल्या मिर्साद तोकाचा नावाच्या माणसाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षं एकेका मेलेल्या माणसाचं नाव गोळा केलं. बोस्नियाक, सर्ब, क्रोएट, सगळ्यांचं, सैनिकांचं आणि साध्या नागरिकांचंही. यादी सुमारे ९६ हजारांवर आली. आकडा निम्म्याहून खाली आल्याने त्यांच्यावर टीका झाली, पण त्या यादीतलं नाव कुणाला पुसता येईना. आपल्याकडे गावं लहान आहेत. एका गावात कोण कोण मेलं हे अजून दोन-चार म्हाताऱ्यांना सांगता येतं. हे काम आपल्याला जमण्यासारखं होतं. अजूनही आहे, पण फार दिवस राहणार नाही.

एका बाजूच्या मृतांची निदान फाइल तरी आहे. स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनासाठी अर्ज झाले, संस्थानाच्या सरहद्दीवरच्या लढ्याच्या कॅम्पांचे दाखले जोडले गेले, चौकशा झाल्या, काहींवर अन्याय झाला, काहींना वशिल्याने मिळालं, पण कागद झाले. सप्टेंबरनंतर मेलेल्यांसाठी कुणी अर्ज केला नाही आणि कुणी मागितलाही नाही. त्यांच्याबद्दल जे काही आहे ते या ३१ जणांच्या तोंडी होतं. ते आता माझ्या वह्यांत आहे.

मारले गेलेल्या लेखकांत ज्यांचं नाव तुमच्या ग्रंथात मोठ्या अक्षरात हवं होतं, ते मला कुठेच सापडलं नाही. शोएबुल्ला खान. हैदराबादच्या ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक. रझाकारांच्या अत्याचारांवर त्यांनी उर्दूत, त्यांच्याच शहरात, त्यांच्या नाकावर टिच्चून लिहिलं, भारतात विलीन व्हा असं लिहिलं. २२ ऑगस्ट १९४८ ला त्यांना घराजवळ गाठून गोळ्या घातल्या आणि लिहिणारा हात तोडला. पोलीस ॲक्शनला चार आठवडेही उरले नव्हते. आपल्या बाजूचे म्हणवणाऱ्यांविरुद्ध लिहिण्याची किंमत या माणसाने दिली आहे. आपल्याला फार तर दोन माणसं बोलायची बंद होतील.

हे मी आतल्या अनुभवावरून म्हणते. ग्रंथासाठी मी स्वतःच्या घराबद्दलही चार पानं लिहून दिली होती, तीही गाळली गेली. ‘स्वतःच्या घराण्याची बदनामी का करता?’ असं मला विचारलं गेलं. म्हणून ती थोडक्यात इथे लिहिते.

आमच्या न्हाणीघरात तांब्याचं मोठं घंगाळ होतं. दिवाळीच्या पहाटे त्यात उटण्याचं पाणी असे. त्याच्या काठाखाली ठोक्याठोक्यांनी नाव घातलेलं होतं, उर्दूत. लहानपणी मी आजोबांना विचारलं, हे काय लिहिलंय? ते म्हणाले, नक्षी आहे. आजोबा निजामाच्या अमलात उर्दू शाळेत शिकले होते. जमिनीचे कागद ते फसली सालासकट, म्हणजे निजामी महसुली सालासकट, घडाघडा वाचत. त्यांना ती अक्षरं वाचता येत नव्हती असं होणं शक्यच नाही. त्या घंगाळातल्या पाण्याने त्यांनी तीस दिवाळ्या अंघोळ केली आणि दर वर्षी ते नाव वाचलं असणार. वडिलांनी शेवटच्या आजारपणात मला सांगितलं की ते पोलीस ॲक्शननंतरच्या आठवड्यात घरात आलं. कसं, ते सांगितलं नाही. मी सोलापूरच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडून ते वाचून घेतलं. एका बाईचं नाव आहे, बापाचं नाव आहे आणि १३४१ फसली, म्हणजे १९३१-३२. लग्नात माहेरून आलेलं असावं.

आजोबा वाईट नव्हते. ते बार्शीच्या कॅम्पात होते, गोळ्या चुकवत सरहद्दीपलीकडून निरोप पोचवायचे. तेही खरं आहे आणि तुमच्या पान ८८ वर आहे. पान ८८ वरचा माणूस आणि घंगाळ घरात आणणारा माणूस एकच होता, एवढंच मला लिहायचं होतं.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

दुसऱ्या आवृत्तीत माझ्या संकलनातल्या आठवणी साक्षीदारांच्या शब्दांत पूर्ण छापा. ते जमणार नसेल तर ३१ च्या ३१ काढून टाका, अर्ध्या नकोत. कुठे पानांअभावी गाळावंच लागलं तर तिथे तीन टिंबं आणि तळटीप द्या, की इथे मजकूर गाळला आहे.

पान १५१ ताबडतोब मागे घ्या. यासाठी आवृत्तीची वाट बघू नका. उरलेल्या प्रतींतलं ते पान काढा आणि त्या घरी जाऊन भेटा. मी बरोबर येईन.

पान २०३ वरचं छायाचित्र काढा. प्रत्येक आकड्याखाली तो कुठला ते लिहा, आणि ज्याला आधार नाही तो काढा.

सुंदरलाल अहवालाचा मराठी अनुवाद परिशिष्ट म्हणून द्या. अनुवाद करायला मी विनामूल्य तयार आहे. दोन जाणकारांकडून तपासून घ्या.

गाववार मृतांची यादी सुरू करा. रझाकारांनी मारलेले आणि नंतर मारलेले, एकाच यादीत, गावाच्या नावाखाली, वर्णानुक्रमे. धर्माचे वेगळे रकाने करू नका. नऊ साक्षीदार हयात आहेत, तेवढ्यांत पहिली पाच-सहा गावं तरी पुरी होतील.

आणि ध्वनिमुद्रणं व वह्या एखाद्या विद्यापीठाच्या किंवा जिल्हा ग्रंथालयाच्या ताब्यात, साक्षीदारांच्या अटी पाळून, ठेवायला मला मदत करा. माझ्या घरी त्या कपाटात आहेत आणि पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते.

उत्तर ३१ जुलैपर्यंत हवं, कारण त्यानंतर छपाई सुरू होते असं मुद्रकांनी मला सांगितलं आहे. उत्तर आलं नाही तर मी माझी संमती मागे घेतल्याचं मुद्रकांना लेखी कळवीन आणि पूर्ण आठवणी स्वतः छापीन. पैसे लागतील, ते निवृत्तिवेतनातून बाजूला काढायला सुरुवात केली आहे.

एक निरोप वाचकांसाठी आहे. घंगाळ चिंचेने घासून ठेवलं आहे. त्या घरातलं कुणी सोलापुरात, हैदराबादेत, आणखी कुठे असेल आणि आपल्या पणजीचं, आजीचं नाव त्यांना ठाऊक असेल, तर त्यांनी यावं आणि ते घेऊन जावं. नाव मी या पत्रात मुद्दाम लिहिलेलं नाही. येणाऱ्याने ते मला सांगावं.

आपली,
३१ आठवणींची संकलक,
निवृत्त मराठी शिक्षिका, धाराशिव जिल्हा